ऊब कुणाची

आमच्या स्टाफरूममध्ये त्यांना चहा देणं म्हणजे आफत होती. कुणी नुसतं विचारलं, "सर, गरम आहे ना?" की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कुठं?" म्हणजे कपात वर की खाली, काठाला की मधोमध? वरचा थर वाऱ्याने निवलेला, कडेच्या चहाची ऊब कपाने खाल्लेली, मधला अजून वाफाळता. मग गरम म्हणायचं ते कुठल्या चहाला? हे ऐकून होईपर्यंत चहाचं पाणी झालेलं असायचं आणि ते एका घोटात संपवून टाकायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, "आता तरी सगळ्या कपाचं तापमान एक झालं असेल ना?" तर म्हणाले, "न्हाई मॅडम. पन भांडन कमी झालंय."

ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी वनस्पतिशास्त्र. कॉलेज बीड जिल्ह्यातलं, एका तालुक्याच्या गावचं. तलवाडा, उमापूर असल्या गावांतून सकाळच्या एसटीने येणाऱ्या पोरांवर चालणारं. मी तिथे कायम होते आणि ते तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते सुखी आहेत. जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, अभ्यासक्रम संपला की तुम्ही कुणीच नाही, पुन्हा जून. असं करता करता त्यांच्या कानशिलावरचे केस पिकले होते. पोरं त्यांना मागून 'थर्मामीटर' म्हणायची, आणि हे त्यांना ठाऊक होतं. "चांगलंय की," म्हणायचे, "बाकीच्या सरांना काय काय म्हनतेत, आयकलं का तुमी?"

नाव पडायला कारणही तसंच होतं. दिसेल त्या वस्तूला ते उजव्या हाताची पालथी बाजू लावून बघायचे. भिंत, बाक, माठाचा गळा, उन्हात उभ्या स्कूटरची सीट. मुख्याध्यापकांनी पोरांच्या टाळक्यावर हात ठेवावा तसे ते वस्तूंची विचारपूस करत वऱ्हांड्यातून चालायचे. एप्रिलमध्ये आमचे इंग्रजीचे सर मोबाइलवरचं तापमान मोठ्याने वाचून दाखवायचे, "आज बीड बेचाळीस!" की हे कोपऱ्यातून विचारणार, "बीडात कुठं? लिंबाखाली का डांबरावर?" इंग्रजीच्या सरांनी शेवटी वाचायचंच सोडून दिलं.

वर्गात मात्र माणूस एकदम वेगळा व्हायचा. त्यांचा एक प्रयोग मी दारात उभी राहून पाहिला आहे. चमच्यात ऊन ऊन चहा घ्यायचा आणि त्यात जाडजूड गार थर्मामीटर बुडवायचा. चहा लगेच निवायचा. मग पोरांना म्हणायचे, "बघा बे, तुमी त्याला विचारायला गेलात, तर त्यानं उत्तरच बदललं. चहा खोटं बोलला का? न्हाई. तुमच्या विचारन्यानं त्यो गार झाला. म्हनून मोजनारा मोजायच्या चिजेपेक्षा लई लहान पायजे, आन् त्यानं गुमान बसायला पायजे." पोरं हसायची आणि त्यांना ते आयुष्यभर लक्षात राहायचं. आजही बाजारात एखादा जुना विद्यार्थी भेटतो, मोबाइलचं दुकान चालवत असतो, भौतिकशास्त्राचं बाकी सगळं विसरलेला असतो, पण चमच्यातला चहा त्याला आठवतो.

त्यांची पीएच.डी.देखील याच लहान मोजणाऱ्याची होती. पाण्याच्या एका थेंबात कुठल्या कोपऱ्यात किती ऊब आहे हे बघायचं, आणि त्यासाठी डोळ्याला न दिसणारे कण थर्मामीटर म्हणून वापरायचे. किती लहान, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खसखशीचा एक दाना घ्या. त्याच्या अंगावर जिल्ह्यातल्या दर मानसाच्या नावानं एकेक कन बसवला, तरी जागा उरल." या कणांवर लेसरचा झोत टाकायचा, तोही न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा. कण त्याने हिरवे चमकतात. त्या हिरव्यात दोन छटा असतात, एक जराशी निळसर आणि एक पोपटी. जिथे ऊब जास्त तिथे निळसर छटा चढते आणि पोपटी मागे पडते. दोघींचं प्रमाण काढलं की त्या जागचं तापमान कळलं. ना काचेची नळी, ना पारा. कण विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक द्यायचे. लेसर आणि सूक्ष्मदर्शक जोडून त्यांनी आमच्या प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली बळकावली होती. तिच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता. भर दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत घामाने निथळत ते बसलेले असायचे.

माझा यात संबंध आला तो यीस्टमुळे. जिवंत पेशी तिच्या भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असते का, हा त्यांचा प्रश्न होता. पेशी खाते, वाढते, म्हणजे तिच्या पोटात चूल पेटलेली असणारच. पण ती ऊब थेंबात दिसते का? त्यांना जिवंत पेशी हव्या होत्या आणि माझ्या विभागात यीस्ट कायम असायचं. ते रोज येऊन बरणीकडे बघून विचारायचे, "जेवले का?" मी म्हणायचे, "साखर घातली आहे सकाळी." "बरं हायत न?" माझ्या घरी पाहुणे उतरल्यासारखी चौकशी. माझ्या नवऱ्याची चौकशी या माणसाने जन्मात केली नाही.

आणि एक दिवस त्यांना ऊब दिसली. माझा तास चालू होता. दारात येऊन उभे राहिले, पायात चप्पल नाही, शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाले, "मॅडम, ऊब हाय!" वर्गातल्या मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. पेशींच्या पुंजक्याजवळचं पाणी दूरच्या पाण्यापेक्षा गरम निघत होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यांच्या मामांचा बसस्टँडजवळ मोसंबीचा गाडा होता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मोसंबीची टोपली आली. पेपर छापून आला. प्रबंध तयार झाला, विद्यापीठात गेला. त्याच सुमारास त्यांच्या विषयाची एक कायम जागा मंजूर झाली, बऱ्याच वर्षांनी, आणि एकच. प्राचार्य त्यांना म्हणाले, "व्हायवा उरकून घ्या, डॉक्टर व्हा आणि या. तुमच्याशिवाय आहे कोण?" इतक्या जूनांनंतर पहिल्यांदा त्यांचा जीव भांड्यात पडायची वेळ आली होती. मी मनापासून खूश झाले होते.

घरी ते आणि त्यांची अम्मी, दोघंच. लग्न राहून गेलं होतं. तासिकेवरच्या मास्तरला मुलगी कोण देणार? अम्मी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी अधूनमधून जायचे. त्या मला "मास्तरनी बाई" म्हणायच्या आणि मुलाच्या कागाळ्या सांगायच्या. तो दर थोड्या वेळाने येऊन त्यांच्या कपाळाला, गळ्याला, तळपायाला पालथा हात लावून जायचा. "क्या नापते रे सारा दिन?" त्या कुरकुरायच्या. "अम्मी हूँ मैं, पानी नै." तो हसायचा आणि पुन्हा तळपायाला हात लावायचा.

व्हायवाची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात अम्मी गेल्या.

निरोप आला तशी मी गेले. बाहेर पुरुषांची गर्दी, आत बायका. सर आतच होते, अम्मीच्या उशाशी, त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून. सकाळपासून तसेच बसलेत, असं कुणीतरी मला म्हणालं. बायकांना मय्यतीला ग़ुस्ल द्यायचा होता, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची होती, पाणी तयार होतं, पडदा बांधून झाला होता. पण ते हात सोडेनात. त्यांची खाला, अम्मीची बहीण, खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, "छोड बेटा. चल, उठ. देर हो रई."

"खाला, हात गरम है," ते म्हणाले. "देखो ना. ठंडा नै हुआ अभी. डॉक्टर को बुलाव."

डॉक्टर येऊन गेले होते. सगळ्यांना माहीत होतं. खाला पदराने डोळे पुसू लागली. मग काय झालं कुणास ठाऊक, ते थबकले. आपल्या हातातल्या हाताकडे बघत राहिले. नंतर वाकून त्यांनी अम्मीचा दुसरा हात धरला, चादरीवर पडलेला, सकाळपासून कुणीच न धरलेला.

तो चेहरा मला विसरता येत नाही. रडू आलं असतं तर बरं, असा तो चेहरा होता. त्यांनी आधी डावा हात खाली ठेवला, मग उजवा. उठले आणि बाहेर पुरुषांत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता त्यांना आई गेल्याचं खरं वाटलं. तेही होतंच. पण ते तेवढंच नव्हतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

व्हायवाला थोडे दिवस उरले होते. ते माझ्या विभागात आले, नेहमीसारखं "जेवले का" विचारलं नाही. म्हणाले, "मॅडम, मला मेलेलं यीस्ट पायजे."

"मेलेलं कशाला?"

"पायजे. पुरतं मेलेलं."

मी बरणीतलं थोडं काढून उकळलं. यीस्ट मेलं की नाही हे बघायची आमची सोपी रीत आहे. त्यात एक निळा रंग घालायचा. जिवंत पेशी रंग टिकू देत नाही, मेलेली निळी होऊन पडते. मी काच तयार करून त्यांना दाखवली. एकूण एक पेशी निळी होती. त्यांनी खूप वेळ डोळा लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यात एक बी जित्ता न्हाई?" मी म्हटलं, नाही. मग न रंगवलेलं उकळलेलं यीस्ट घेऊन आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो.

त्यांनी सगळं जसं पूर्वी करायचे तसं केलं. पडद्यावर आकडे आले. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही, पण पेशींच्या पुंजक्याजवळचा आकडा दूरच्या पाण्यापेक्षा मोठा आहे हे मलाही दिसत होतं. जिवंत असताना जेवढी ऊब होती, तेवढीच मेल्यावरही होती. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी लेसर बंद केला. बाहेर पोरांची व्हॉलीबॉलची आरडाओरड चालू होती.

चूक किती साधी होती, हे त्यांनी मला नंतर समजावलं. पेशींच्या गर्दीत ते कण नीट शिरायचे नाहीत, त्यामुळे तिथला उजेड मंद यायचा. दिसेना म्हणून ते तिथे लेसर वाढवायचे. मोकळ्या पाण्यात कण भरपूर, तिथे बारीक झोतावर भागायचं. आणि तो न दिसणारा झोत पाण्यात मुरला की पाणीच तापवतो. दिवा मोठा केला तिथे ऊब वाढली, एवढीच गोष्ट. पेशीचा काही संबंध नव्हता. दर वर्षी पोरांना चमच्यातला चहा दाखवणारा माणूस, आणि त्यालाच हे दिसलं नाही. कारण त्याचा थर्मामीटर लहान होता, आणि लहान आहे म्हणून निर्धोक आहे असं तो समजून चालला. कणांनी काही केलंच नव्हतं. ऊब देणारा झोत यांच्याच हातात होता.

"सकाळपासून मीच अम्मीचा हात गरम करत व्हतो, मॅडम," ते म्हणाले. "आन् मीच मोजत व्हतो."

प्रबंध परत घेतो म्हणाले तेव्हा मी चिडले. आजही आठवलं की चिडते, त्यांच्यावर नव्हे, या जगावर, पण त्या दिवशी त्यांच्यावरच. म्हटलं, "सर, व्हायवा होऊ द्या. एकदा घोडं गंगेत न्हाऊ द्या. जागा मिळू द्या. मग निवांत दुसरा पेपर काढा आणि लिहा की आधीचं चुकलं होतं. शास्त्रात असं होतंच की."

"व्हतंय न. पन कळलं तवाच सांगायचं असतंय. मला कळलंय. कळून बी त्या टेबलापुढं हुबं राहून काय म्हनू? ऊब हाय म्हनू?"

"कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"कुनीच न्हाई," ते म्हणाले. "तेच तर."

त्यांच्या मार्गदर्शकांनी फोनवर त्यांना उभं-आडवं झापलं. परीक्षक येतील, जेवतील, सही करतील, तू कशाला खाजवून खरूज काढतोस? प्राचार्यांनी केबिनमध्ये बसवून समजावलं. मी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा गेले. ते अडगळीच्या खोलीतले काळे कागद काढत होते, नखांनी, सावकाश. मी बोलायला तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "अम्मीचा हात सोडला का न्हाई मी? समद्यांदेखत सोडला. मग ह्ये कावून धरून बसू?"

मी त्यांना कागद काढायला मदत केली.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. एक तरुण मुलगी आली, हुशार, कष्टाळू, तिला नावं ठेवायला जागा नाही. पुढच्या जूनमध्ये सरांनी अर्ज केला नाही. मामा थकले होते, त्यांचा मोसंबीचा गाडा हे बघू लागले. मी जाता-येता थांबायचे. खोलीतले काळे कागद काढण्याआधीच त्यांनी प्रयोग पुन्हा केला होता, सगळीकडे एकच बारीक झोत ठेवून. फरक नाहीसा झाला होता. मी विचारलं, म्हणजे पेशीत ऊब नसतेच का? "असल की," मोसंबी पुसत म्हणाले. "जित्ती हाय म्हनल्यावर असनारच. पन मला मोजता यावी एवढी न्हाई." आणि मग गिऱ्हाईकाला म्हणाले, "घ्या चाचा, गोड हायत." ज्या माणसाने प्रबंध मागे घेतला तो मोसंबी गोड आहे असं चाखल्याशिवाय म्हणत नसणार, एवढी माझी खात्री होती.

प्रबंध परत आला, पण छापलेला पेपर राहिला. तो काढून टाका म्हणून त्यांनी त्या नियतकालिकाला मेलवर मेल केले. आधी उत्तर नाही. मग उत्तर आलं की संपादक बदलले आहेत, बघतो. कुणी बघितलं नाही. पेपर तिथेच, आणि तो काय पेपर! कुठे कुठे लोक त्याचा आधार घेऊ लागले. जिवंत पेशी पाण्यापेक्षा गरम असते, पाहा अमुक. त्यांनी चुकीबद्दल लिहिलेला दुसरा छोटा लेख मात्र दोन ठिकाणांहून परत आला. यात नवीन काही सापडलेलं नाही, असा शेरा होता. हे सांगताना ते हसले नाहीत. मी हसायचा प्रयत्न केला आणि तो फसला.

परवा-परवापर्यंत हे असंच चाललं होतं. मग कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं आणि कागद गोळा करताना त्या तरुण मुलीच्या लक्षात आलं, की आपल्या कॉलेजच्या नावावर बाहेर सगळ्यात जास्त उल्लेखला गेलेला पेपर एकच आहे. प्राचार्यांना आनंद झाला. परिसंवाद ठेवायचा, समितीसमोर सरांचा सत्कार करायचा. मी म्हटलं, "अहो, तो पेपर चुकीचा आहे." प्राचार्य म्हणाले, "मॅडम, चुकीचा असता तर इतक्या लोकांनी घेतला असता का?"

मला वाटलं सर येणार नाहीत. पण त्यांचा फोन आला. त्यांचा एकच प्रश्न होता. "मॅडम, बोलू देतेत का मला? माईक देतेत का?" सत्काराला उत्तर द्यायची पद्धत आहे, मी म्हटलं, देतील. "मग येतो," म्हणाले.

आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. हॉल भरला होता. समितीचे लोक पहिल्या रांगेत. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. ते माईकसमोर उभे राहिले. व्यासपीठावर ते शुद्ध भाषेत बोलायचे, एकेक शब्द जपून. म्हणाले, "ज्या पेपरसाठी हा सत्कार आहे, तो पेपर चुकीचा आहे. मी जी ऊब मोजली ती पेशीची नव्हती. ती माझ्याच लेसरची होती. मेलेल्या यीस्टमध्येही तेवढीच आली. म्हणून तो पेपर कुणी वापरू नये. मी या सत्काराला पात्र नाही. मी चुकलो आहे."

मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी मान डोलावली आणि टाळी वाजवली. मग दुसऱ्यांनी, मग अख्ख्या हॉलने. पोरं तर उभी राहिली. सर हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत होते, आणि जितकं म्हणत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी पुढे होऊन हळूच माईक घेतला आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? एवढं मोठं काम, आणि म्हणतात मी पात्र नाही! मित्रहो, फळांनी लगडलेली झाडंच वाकतात." पुन्हा टाळ्या.

ते खाली आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. शाल अंगावर तशीच, नारळ मांडीवर. समोर त्या तरुण मुलीचं व्याख्यान सुरू झालं. पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते त्यांच्या पेपरातल्या आलेखाचं. एका बाजूला पेशी, एका बाजूला पाणी, मधे चढत जाणारी रेघ, खाली त्यांचं नाव. पोरं भराभर लिहून घ्यायला लागली.

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, कुनी आयकलं का?"

"मी ऐकलं, सर."

"तुमाला तर आदीच माहीत व्हतं," ते म्हणाले.